हायड्रोलाइज्ड कोलॅजेन आणि वाढते वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांकडून, तसेच आईवडिलांसाठी कोलॅजेनचा डबा विकत घ्यावा का अशा विचारात असलेल्या मुलामुलींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्या उत्तरात पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मूत्रपिंडाचा विकार किंवा मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी प्रश्न १५ आधी वाचावा. या पानावरील माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.

१. हायड्रोलाइज्ड कोलॅजेन म्हणजे नेमके काय? आपल्या शरीरात असते तेच का?

कोलॅजेन हे आपल्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन आहे. एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ ३० टक्के वाटा त्याचा असतो. त्वचा, हाडे, कंडरा (टेंडन), अस्थिबंध (लिगामेंट), कूर्चा (कार्टिलेज) आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना ताण सोसण्याची ताकद त्याच्यामुळे मिळते. त्याचे २८ प्रकार ओळखले गेले आहेत; त्यांपैकी त्वचेत आणि हाडांत प्रामुख्याने पहिला, तर सांध्यांच्या कूर्चेत दुसरा आढळतो. तीन लांब साखळ्या एकमेकींभोवती पिळल्या जाऊन कोलॅजेनचा रेणू तयार होतो. ही तिपेडी रचना मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडली. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतील कंडरा तपासला होता. या विषयातील एवढे मूलभूत काम आपल्या देशात झाले, ही गोष्ट कोलॅजेनच्या जाहिरातींत मात्र कधी दिसत नाही.

शरीरातील अखंड रेणूचे वजन सुमारे ३ लाख डाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) असते. जनावरांचे कातडे, हाडे किंवा माशांची त्वचा आणि खवले यांवर प्रक्रिया करून ती गरम पाण्यात ठेवली की तीन पेड सुटे होतात आणि जिलेटिन मिळते. या जिलेटिनवर प्रथिने तोडणाऱ्या विकरांची, म्हणजेच एन्झाइमची, क्रिया घडवली की साखळ्यांचे लहान लहान तुकडे होतात आणि त्यांचे वजन साधारणपणे २,००० ते ५,००० डाल्टनपर्यंत उतरते. हे तुकडे म्हणजेच हायड्रोलाइज्ड कोलॅजेन. डब्यावर ‘कोलॅजेन पेप्टाइड्स’ असे लिहिलेले असले तरी वस्तू तीच असते. जिलेटिन थंड झाल्यावर थिजते; हायड्रोलाइज्ड कोलॅजेन मात्र गार पाण्यातही विरघळते आणि थिजत नाही.

२. वयाबरोबर कोलॅजेन खरोखरच कमी होते का, की हा केवळ विक्रीचा मुद्दा आहे?

खरोखरच कमी होते. त्वचेतील कोलॅजेन प्रौढ वयात दरवर्षी सुमारे १ टक्क्याने घटते, असे १९७०च्या दशकात झालेल्या मोजमापांपासून मानले जाते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर ही घट एकदम वेग घेते. पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील सुमारे ३० टक्के कोलॅजेन जाते आणि त्यानंतर वेग पुन्हा मंदावतो. नवे कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशी वयपरत्वे थकतात, हे एक कारण झाले. उन्हातील अतिनील किरणांमुळे कोलॅजेन तोडणारी विकरे त्वचेत वाढतात, हे दुसरे. तंबाखूचा धूर आणि रक्तातील जादा साखर यांचा हातभार वेगळाच असतो (साखरेविषयी प्रश्न १४ पाहावा). कपाळ, गाल आणि हाताची मागची बाजू यांची त्वचा पोटावरच्या त्वचेपेक्षा कितीतरी आधी सुरकुतते. दोन्हींचे वय तर एकच असते. फरक उन्हाचा असतो.

तथापि ‘कमी होते’ एवढ्यावर चित्र पूर्ण होत नाही. कोलॅजेन कमी होते त्याचप्रमाणे उरलेले जुनेही होते. त्वचेतील कोलॅजेनचा अर्धा साठा बदलण्यास सुमारे १५ वर्षे लागतात, तर सांध्यातील कूर्चेत हाच काळ १०० वर्षांहून अधिक आहे, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० मध्ये दाखवले. डेन्मार्कमधील संशोधकांनी टाचेच्या मागील मोठा कंडरा तपासण्यासाठी एक विलक्षण साधन वापरले. १९५०-६०च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात जो किरणोत्सारी कार्बन मिसळला, त्याची शरीरात उरलेली खूण त्यांनी मोजली. कंडऱ्याचा गाभा वयाच्या सुमारे १७व्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर तो जवळजवळ बदलत नाही, असे त्यांना २०१३ मध्ये आढळले. ‘तीस दिवसांत सांध्यांची पुनर्बांधणी’ असा दावा दिसला, तर या आकड्यांशेजारी ठेवून तो पुन्हा एकदा वाचावा.

३. पावडर पोटात गेल्यावर पचूनच जाणार. मग ती त्वचेपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत पोहोचते कशी?

शंका रास्त आहे. खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे कोठेही जाऊन बसत नाही, आणि गालावर जायचे की गुडघ्यात हे ठरवण्याची कोणतीही सोय त्याच्यात नसते. त्याचा बराचसा भाग इतर कोणत्याही प्रथिनाप्रमाणे सुट्या अमायनो आम्लांपर्यंत, म्हणजे प्रथिनांच्या मूळ घटकांपर्यंत, पचतो आणि शरीराच्या सामायिक साठ्यात मिसळतो.

परंतु सगळाच नाही. कोलॅजेनच्या साखळीत प्रत्येक तिसरी जागा ग्लायसिन या अमायनो आम्लाची असते आणि उरलेल्या जागांवर प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिन मोठ्या संख्येने असतात. प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांची जोडी पचनातील विकरांना सहजासहजी तुटत नाही. ती जोडी तशीच आतड्यातून शोषली जाते आणि माणसाच्या रक्तात आढळते, हे जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. पावडर घेतल्यावर साधारण एक-दोन तासांत तिचे रक्तातील प्रमाण सर्वाधिक असते आणि काही तासांत ते उतरते.

या जोडीचे पुढे काय होते? प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेच्या पेशींना ती दिली असता त्या अधिक सक्रिय होतात. त्यावरून असा तर्क मांडला जातो की, एरवी असे तुकडे ऊतींची मोडतोड झाल्यावरच रक्तात येत असल्याने पेशी त्यांना दुरुस्तीचा निरोप समजतात. तर्क आकर्षक आहे आणि अशक्यही नाही. मात्र काचेच्या बशीतील पेशी आणि साठ वर्षांच्या माणसाचा गुडघा यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. ते माणसांवरील चाचण्यांनीच कापावे लागते, आणि पुढील चार उत्तरे त्या चाचण्यांविषयीच आहेत.

४. सुरकुत्या जातात का?

जात नाहीत. काही जणांच्या त्वचेचा ओलावा आणि लवचिकता थोडी सुधारते, इतकेच आजवरच्या चाचण्यांतून म्हणता येते, आणि तेही पूर्ण खात्रीने नाही.

वारंवार उद्धृत केली जाणारी चाचणी २०१४ मधील जर्मनीतील आहे. ३५ ते ५५ वयोगटातील ६९ स्त्रियांना आठ आठवडे रोज २.५ किंवा ५ ग्रॅम कोलॅजेन पेप्टाइड्स अथवा त्याच्यासारखी दिसणारी निष्क्रिय पावडर देण्यात आली, आणि कोलॅजेन घेणाऱ्या गटांत त्वचेची लवचिकता उपकरणाने मोजता येईल इतकी वाढली. २०२१ मध्ये अशा १९ चाचण्या, म्हणजे १,१२५ व्यक्ती, एकत्र तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष पुन्हा अनुकूल निघाला. जाहिरातींत साधारणपणे येथवरचीच गोष्ट सांगितली जाते.

२०२५ मध्ये कोरियातील संशोधकांनी २३ चाचण्यांची, म्हणजे १,४७४ व्यक्तींची, पुन्हा छाननी केली आणि पैसा कोणाचा होता हेही पाहिले. सर्व चाचण्या एकत्र धरल्या तर ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या या तिन्हींत सुधारणा दिसत होती. पण कंपन्यांचे अर्थसाहाय्य नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर ती सुधारणा उरली नाही, आणि उत्तम दर्जाच्या चाचण्या वेगळ्या काढल्यावरही तोच अनुभव आला. कंपनीने पैसे दिले म्हणून निष्कर्ष खोटाच, असे होत नाही. तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्वचेच्या लवचिकतेचा दावा २०१३ मध्येच पुराव्याअभावी फेटाळला होता.

त्वचेसाठीच खर्च करायचा असेल तर सनस्क्रीनचा पुरावा अधिक भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे ९०० हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षे झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. दुचाकीवरून दुपारी फिरणाऱ्याने उघड्या हातांना काही न लावता घरी येऊन कोलॅजेनचे पेय घ्यावे, यात फारसे शहाणपण नाही.

५. गुडघ्यांची झीज सांगितली आहे. कोलॅजेनने कूर्चा पुन्हा भरून येते का?

झिजलेली कूर्चा भरून येते असा खात्रीलायक पुरावा नाही. प्रश्न २ मध्ये दिलेला कूर्चेचा काळ पाहता तशी अपेक्षाही धरू नये. वेदना काही प्रमाणात कमी होणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्या बाजूने काही चाचण्या आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात १४७ खेळाडूंवर झालेल्या चाचणीत रोज १० ग्रॅम घेणाऱ्यांना २४ आठवड्यांत सांधेदुखी तुलनेने कमी जाणवली. पण ते तरुण खेळाडू होते आणि त्यांना सांध्यांच्या झिजेचे निदान झालेले नव्हते. सांध्यांच्या आरोग्याविषयीचा दावाही युरोपीय प्राधिकरणाने २०११ मध्ये अमान्य केला.

गुडघ्याच्या झिजेत मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन जास्त असल्यास ते उतरवणे यांना पहिले स्थान आहे. हे दोन्ही चालू ठेवून कोणी तीन-चार महिने कोलॅजेन घेऊन पाहिले आणि जिने चढताना फरक वाटला, तर ते चालू ठेवण्यास हरकत नाही. फरक वाटला नाही तर दुसरा डबा आणू नये. संधिवाताभ, म्हणजे रुमॅटॉइड, संधिवात हा वेगळा आजार आहे. त्यात कोलॅजेनसाठी डॉक्टरांची औषधे बंद करणे धोक्याचे ठरते.

६. डॉक्टरांनी हाडे ठिसूळ झाल्याचे सांगितले आहे. कॅल्शियमऐवजी हे चालेल का?

कॅल्शियमऐवजी नाही, ड जीवनसत्त्वाऐवजी नाही आणि औषधांऐवजी तर नाहीच. हाडाचा सांगाडा कोलॅजेनचा असतो आणि त्यावर खनिजे बसतात, त्यामुळे कल्पना निराधार नाही. हाडांची घनता घटलेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांवरील २०१८ मधील एका जर्मन चाचणीत रोज ५ ग्रॅम पेप्टाइड्स वर्षभर दिल्यावर कण्याच्या आणि खुब्याच्या हाडाची घनता किंचित वाढली. तिच्यात १३१ स्त्रिया सहभागी झाल्या आणि १०२ शेवटपर्यंत राहिल्या. हाड मोडण्याचे प्रमाण घटते की नाही, हे एवढ्या लहान चाचणीतून कळू शकत नाही.

७. वडील ७२ वर्षांचे आहेत आणि अशक्त झाले आहेत. प्रोटीन पावडर म्हणून त्यांना कोलॅजेन द्यावे का?

एकमेव किंवा मुख्य प्रथिन म्हणून देऊ नये. या पानावरचे हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे, कारण नुकसान होण्याची शक्यता येथेच सर्वाधिक आहे.

शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी नऊ अमायनो आम्ले आहेत. त्यांपैकी ट्रिप्टोफॅन कोलॅजेनमध्ये मुळीच नसते आणि इतर काही अपुरी असतात. त्यामुळे प्रथिनांचा दर्जा मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत कोलॅजेनला शून्य गुण मिळतात. डब्यावर ‘प्रथिने ९० टक्के’ असे खरेच लिहिलेले असते. ते खोटे नसते, परंतु दुधातील किंवा अंड्यातील प्रथिनांशी त्याची बरोबरी होत नाही. स्नायूंची घडण सुरू करण्यात ल्यूसिन या अमायनो आम्लाचा मोठा वाटा असतो आणि तेही कोलॅजेनमध्ये कमीच असते. कॅनडामध्ये निरोगी वयस्कर स्त्रियांना एका गटात पनीर करताना उरणाऱ्या पाण्यातील प्रथिन, म्हणजे व्हे, आणि दुसऱ्यात कोलॅजेन देऊन तुलना करण्यात आली, तेव्हा काही दिवसांच्या मोजमापात स्नायूंची घडण व्हेने वाढवली, कोलॅजेनने वाढवली नाही.

याच्या विरुद्ध बाजूला २०१५ मधील एक चाचणी नेहमी ठेवली जाते. स्नायू क्षीण झालेल्या ५३ वयस्कर पुरुषांनी १२ आठवडे वजनांचा व्यायाम केला. रोज १५ ग्रॅम कोलॅजेन पेप्टाइड्स घेणाऱ्यांना निष्क्रिय पावडर घेणाऱ्यांपेक्षा जास्त लाभ झाला. मात्र तुलना दूध-अंड्यांसारख्या पूर्ण प्रथिनाशी नव्हती, आणि व्यायाम दोन्ही गटांनी केला होता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वयस्करांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या गृहस्थांना किमान ५० आणि शक्य तर ६० ते ७० ग्रॅम हवीत. आपल्याकडच्या वयस्करांचे ताट पाहिले तर दात नसल्यामुळे भाकरी सुटलेली असते, उसळ ‘पचत नाही’ म्हणून बंद असते आणि मऊ भातावर पातळ आमटी एवढेच जेवण राहिलेले असते. आमटी जितकी पातळ तितकी डाळ कमी, हे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा ताटात घट्ट वरण, मुगाच्या डाळीचे धिरडे, दही, पनीर, आणि चालत असल्यास अंडे किंवा मासे आणणे हे पहिले काम आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ही वाढ डॉक्टरांना विचारूनच करावी.

८. केस आणि नखे?

नखांसाठी थोडा पुरावा आहे. २५ जणांनी रोज २.५ ग्रॅम २४ आठवडे घेतल्यावर नखे तुटण्याचे प्रमाण घटले, पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. केसांसाठी भरवशाचा पुरावा नाही. केस एकाएकी गळू लागले असतील तर आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे; मात्र त्याआधी प्रश्न १७ वाचावा.

९. किती घ्यावे, केव्हा आणि किती दिवस? गरम चहात घातल्यास निकामी होते का?

चाचण्यांत त्वचेसाठी २.५ ते १० ग्रॅम, सांध्यांसाठी सुमारे १० ग्रॅम आणि व्यायामासोबत १५ ग्रॅम रोज वापरले गेले आहे. त्वचेसाठी किमान ८ ते १२ आठवडे, सांध्यांसाठी तीन ते सहा महिने आणि हाडांसाठी वर्षभर थांबल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. अनशापोटीच घ्यावे किंवा रात्रीच घ्यावे याला विशेष आधार नाही. जी वेळ रोज पाळता येईल ती योग्य. गरम चहाने बिघडत नाही, कारण तिपेडी रचना कारखान्यातच उष्णतेने सुटलेली असते. गुठळ्या टाळण्यासाठी मात्र पावडर कपात टाकून वरून चहा ओतण्याऐवजी, ती हलवलेल्या पेयावर थोडी थोडी भुरभुरावी.

१०. सोबत क जीवनसत्त्व घ्यायलाच हवे का?

शरीर स्वतःचे कोलॅजेन तयार करते तेव्हा प्रोलिनचे हायड्रॉक्सिप्रोलिन करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागते. ते दीर्घकाळ मिळाले नाही तर तिपेडी रचना टिकत नाही, हिरड्यांतून रक्त येते आणि जुन्या जखमाही उकलतात. जुन्या काळी दर्यावर्दींना होणारा स्कर्व्ही तो हाच. परंतु गरज भागल्यानंतर अधिक घेतल्याने कोलॅजेन अधिक बनते असे नाही. रोजची शिफारस पुरुषांसाठी ८० आणि स्त्रियांसाठी ६५ मिलिग्रॅम आहे. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, आणि आवळ्यात त्याहूनही जास्त. पानात लिंबाची फोड आणि दिवसातून एखादे फळ असणाऱ्याला कोलॅजेनच्या डब्यातील जादा क जीवनसत्त्वासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

११. माशांचे चांगले की गाईचे? डब्यावर ‘टाइप १, २, ३’ लिहिलेले असते, त्यातले कोणते निवडावे?

माशांच्या कोलॅजेनची प्रसिद्धी ‘अधिक शोषले जाणारे’ अशी असते, पण शोषण ठरते ते तुकड्यांच्या आकारावरून, आणि दोन्ही स्रोतांपासून सारख्याच आकाराचे तुकडे करता येतात. मासे, गुरे आणि डुकरे यांच्या कातड्यापासून मिळणारे कोलॅजेन मुख्यतः पहिल्या प्रकारचे असते, तर कोंबडीच्या छातीच्या कूर्चेपासून मिळणारे दुसऱ्या प्रकारचे. एकदा लहान तुकडे झाल्यावर या प्रकारांतील फरक बराचसा पुसला जातो. त्यामुळे पाच प्रकारांच्या मिश्रणासाठी दुप्पट किंमत देण्याची गरज नाही. निवड करायची ती धर्म, आहारनियम आणि अ‍ॅलर्जी पाहून (प्रश्न १६).

१२. मी शाकाहारी आहे. बाजारात ‘व्हेज कोलॅजेन’ मिळते ते काय असते?

वनस्पतींमध्ये कोलॅजेन नसते. त्यामुळे हिरव्या ठिपक्याच्या डब्यात बहुतेक वेळा कोलॅजेन नसून, शरीराला कोलॅजेन तयार करण्यास मदत करतात असे म्हटले जाणारे घटक असतात. आवळ्याचा अर्क, बांबूपासून मिळवलेली सिलिका, सुटी अमायनो आम्ले आणि हादग्याच्या पानांचा अर्क ही नावे त्यांत वारंवार दिसतात. हादगा आपल्याकडे परसात असतो आणि त्याच्या फुलांची भजी व भाजी होते. डब्यात तो बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाचा वनस्पतिजन्य स्रोत म्हणून येतो. हे घटक निरुपयोगी आहेत असे नाही, परंतु प्रश्न ४ ते ६ मधील चाचण्या त्यांच्यावर झालेल्या नाहीत आणि ते निष्कर्ष त्यांना लावता येत नाहीत.

खऱ्या कोलॅजेनच्या डब्यावर मांसाहाराची खूण, म्हणजे तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण, असतेच. उपवासाला चालते का असेही विचारले जाते. ते मांसाहारी आहे, एवढे सांगणे पुरेसे ठरावे. कॅप्सूल घेणाऱ्या शाकाहारी वाचकांनी हेही लक्षात ठेवावे की आतील पदार्थ वनस्पतिजन्य असला तरी कॅप्सूलचे कवच अनेकदा जिलेटिनचे असते. शरीर ग्लायसिन आणि प्रोलिन स्वतः तयार करते, त्यामुळे कोलॅजेन न खाल्ल्याने शाकाहारी माणसाला कोणताही अभावजन्य आजार होत नाही.

१३. पायाचे सूप प्यायले तर पावडरची गरज आहे का? आणि कोलॅजेनच्या क्रीमचे काय?

बकऱ्याचे पाय मंद आचेवर तासन्‌तास शिजवले की कातडी, कंडरे आणि हाडे यांतील कोलॅजेनचे जिलेटिन होऊन रश्श्यात उतरते. उरलेला रस्सा रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी पाहिला तर वर तुपासारखा चरबीचा थर जमलेला असतो, आणि तो बाजूला सारून चमच्याने दाबल्यास खालचा रस्सा थलथलतो. ही थरथर जिलेटिनची. पोटात गेल्यावर त्याचेही तुकडे होतातच. फरक असा की प्रत्येक वाटीत ते किती आहे हे सांगता येत नाही आणि रश्श्यासोबत चरबी व मीठही येते. चरबीचा थर काढून टाकलेला रस्सा हे चांगले अन्न आहे. त्याला औषध समजू नये. मासे सालीसकट खाणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत कोलॅजेन आपोआप ताटात येतच असते.

क्रीममधील कोलॅजेन त्वचेत शिरत नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून जाऊ शकत नाहीत. ते वरच राहून ओलावा धरून ठेवते, आणि ते काम साधे मॉइश्चरायझरही करते. त्वचेत नवे कोलॅजेन तयार होण्यास मदत करते असे सिद्ध झालेले लेपन म्हणजे ट्रेटिनॉइन. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच वापरायचे असते आणि गरोदरपणात मुळीच वापरायचे नसते.

१४. मधुमेह आहे. कोलॅजेन चालेल का?

साखर न घातलेली पावडर सहसा चालते. गमी, चवदार पाकिटे आणि तयार पेये यांत साखर असते, म्हणून मागची बाजू वाचावी. मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. रक्तातील जादा साखर कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांच्यात नको ते जोड तयार होतात, त्यामुळे ते ताठर व ठिसूळ बनतात. मधुमेही व्यक्तींमध्ये खांदा आखडण्याचे आणि बोटे ताठण्याचे प्रमाण जास्त असण्यामागे हेही एक कारण मानले जाते. कोलॅजेनचे रक्षण करायचे असेल तर अशा व्यक्तीने डब्याआधी एचबीए१सी कडे, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीकडे, पाहावे.

१५. मुतखड्याचा त्रास होऊन गेला आहे. घेऊ का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. हायड्रॉक्सिप्रोलिनचे शरीरात विघटन होताना ऑक्झॅलेट तयार होते, आणि मुतखड्यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे सर्वाधिक आढळतात. ३० ग्रॅम जिलेटिन दिल्यावर लघवीतील ऑक्झॅलेट तेवढ्याच व्हेच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळले, असे २००६ मधील प्रयोगात दिसले. ५ ग्रॅमचा परिणाम तितका मोठा नसणार, परंतु ज्याला एकदा खडा झाला आहे, जो उन्हात काम करतो आणि पाणी कमी पितो, त्याने हा धोका पत्करावा असा लाभ समोर नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असून प्रथिनांवर मर्यादा असेल, तर कोलॅजेनचे ग्रॅमही त्या मर्यादेत मोजावे लागतात. शून्य गुणांच्या प्रथिनावर ती मर्यादा खर्च करणे परवडणारे नाही (प्रश्न ७).

१६. इतर कोणी टाळावे? दुष्परिणाम काय आहेत?

पोट जड होणे, छातीत जळजळणे, तोंडात चव रेंगाळणे हे सामान्य आणि सौम्य त्रास आहेत. माशांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी माशांपासून केलेले कोलॅजेन घेऊ नये. जिलेटिन असलेल्या लशीची किंवा गोळीची अ‍ॅलर्जी पूर्वी आली असल्यास कोणत्याच स्रोताचे घेऊ नये. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांवर पुरेशा चाचण्या झालेल्या नाहीत, म्हणून त्या काळात थांबणेच बरे.

१७. रक्ततपासणीत थायरॉइड वाढल्याचे आले, पण लक्षणे काहीच नाहीत. कोलॅजेनमुळे असे होते का?

कोलॅजेनमुळे नव्हे, तर त्याच्यासोबत घातलेल्या बायोटिनमुळे होऊ शकते. शरीराला बायोटिन मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकेच लागते, पण केस-नखांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत ते कधी कधी ५ ते १० मिलिग्रॅम असते. अनेक प्रयोगशाळांच्या चाचण्यांची रासायनिक पद्धतच बायोटिनवर आधारलेली असल्यामुळे रक्तातील जादा बायोटिन आकडे फिरवते. टीएसएच खोटे कमी आणि टी-३, टी-४ खोटे जास्त दिसून, नसलेला थायरॉइडचा आजार कागदावर उमटतो. हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते, आणि हे अधिक गंभीर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत जाहीर इशारा दिला होता. थायरॉइडच्या तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन असलेले मिश्रण बंद ठेवावे. तातडीच्या वेळी ते बंद ठेवायला सवड नसते, म्हणून ते घेत असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

१८. एकाच्या डॉक्टरांनी ४० मिलिग्रॅमची गोळी दिली, दुसरा १० ग्रॅम पावडर घेतो. दोन्ही कोलॅजेनच, मग एवढा फरक का?

त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ४० मिलिग्रॅमच्या गोळीत न तोडलेले, मूळ रचना शाबूत ठेवलेले दुसऱ्या प्रकारचे कोलॅजेन असते. आतड्यातील प्रतिकारशक्तीच्या पेशींना त्याचा परिचय होऊन सांध्यातील दाह कमी होतो, अशी त्यामागची कल्पना आहे. तेथे रचना शाबूत असणे हाच मुद्दा असल्यामुळे ते गरम पेयात घालायचे नसते. पावडरीचे काम तुकड्यांमार्फत होते (प्रश्न ३). म्हणून एकाच्या मात्रेवरून दुसऱ्याची मात्रा ठरवता येत नाही.

१९. विकत घेताना डब्यावर काय पाहावे?

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘१०,००० मिग्रॅ’ लिहिलेले असते. ते फक्त १० ग्रॅम होतात. मागच्या बाजूला ती मात्रा एका चमच्याची आहे की दोन पाकिटांची, हे लहान अक्षरांत असते. गमी आणि कॅप्सूलमध्ये बहुधा दोन ग्रॅमही भरत नाहीत. स्रोत कोणता, बायोटिन किती, साखर किती आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का, हे पाहावे. परवाना असणे म्हणजे गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. हा कायद्याने अन्नपूरक पदार्थ आहे आणि ‘संधिवात बरा होतो’ असे लिहिण्याची त्याला मुभा नाही. तसे लिहिलेले असेल तर तो डबा परत ठेवावा. कातडी, हाडे आणि खवले यांपासून तयार होणाऱ्या पदार्थात शिसे किंवा पारा येण्याची शक्यता असते, म्हणून त्रयस्थ प्रयोगशाळेचा जड धातूंविषयीचा अहवाल उपलब्ध करून देणाऱ्याकडूनच घ्यावे.

२०. आजी ८४ वर्षांच्या आहेत, जेवण फारच कमी झाले आहे. निदान कोलॅजेन तरी पोटात जावे, असे वाटते.

भावना समजण्यासारखी आहे, परंतु अशा वयात भूकच थोडी असते आणि प्रथिनयुक्त पेयाने ती लवकर भागते. सकाळी कपभर पाण्यातून १० ग्रॅम कोलॅजेन घेतल्यामुळे दुपारचे अर्धे वरण उरत असेल, तर पूर्ण प्रथिन काढून अपूर्ण प्रथिन दिल्यासारखे होते. द्यायचेच असेल तर पाण्याऐवजी दुधात, नाचणीच्या सत्त्वात किंवा वरणात मिसळून, जेवणाच्या आधी न देता जेवणातच द्यावे आणि महिनाभर वजनावर लक्ष ठेवावे. वजन उतरत राहिले तर पावडर बदलत बसू नये. दात, गिळण्याचा त्रास, औषधांमुळे मंदावलेली भूक आणि मनाची उदासी यांची तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.